प्रकल्प नोंदी: पुन्हा तीच माणसं भेटवणारं अ‍ॅप

७ जुलै २०२५

आजपासून काम सुरू. आम्ही चौघं: एक जण सर्व्हर बघणार, एक जण मोबाइल, एक डिझायनर, आणि उरलेलं सगळं माझ्याकडे. काम एका वाक्यात असं: ज्यांना एकटं वाटतं त्यांना प्रत्यक्ष भेटीपर्यंत न्यायचं, आणि तिथून पुढे आपण लुडबुड करायची नाही.

विषय हवेत आहेच. ब्रिटनने २०१८ साली एकटेपणासाठी मंत्री नेमला, जपानने २०२१ साली. गेल्या महिन्यात, ३० जूनला, जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाचा अहवाल आला: जगात सहापैकी एकाला एकटेपणा जाणवतो, आणि वर्षाला अंदाजे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध जोडता येतो. हे आकडे सादरीकरणाच्या पहिल्या पानावर टाकायचा मोह सगळ्यांना होतो. आम्हालाही झाला. पण त्या आकड्यांवरून बटण कुठे ठेवायचं ते कळत नाही.

जास्त उपयोगी पडली ती रॉबर्ट वाइस यांनी १९७३ साली केलेली विभागणी. त्यांच्या मते एकटेपणा दोन तऱ्हेचा. एकात जिवाभावाचं माणूस नसतं. दुसऱ्यात आपला असा गोतावळा नसतो: ज्यांच्यात बसून आपण कोण हे सांगावं लागत नाही, असे चार लोक नसतात. पहिल्यावर अ‍ॅपकडे औषध नाही. जोडीदार गेलेल्या माणसाला शनिवारी सकाळी सहा अनोळखी लोकांत बसवलं म्हणून ती जागा भरत नाही, आणि भरेल असं सुचवणं निर्दयपणाचं आहे. दुसऱ्यावर काही करता येईल. म्हणून आमचं क्षेत्र ठरलं: गोतावळा.

काय करायचं नाही, याची यादी आधी झाली. फीड नाही. फोटो सरकवून माणसं निवडणं नाही. भेटीआधी चॅट नाही. यावर डिझायनर थोडी अडली. तिचं म्हणणं, लोक बोलल्याशिवाय यायला धजावणार नाहीत. पण चॅटमध्येच भेटल्याचं समाधान मिळालं की भेट पुढे ढकलली जाते, हे आम्ही सगळ्यांनी अनुभवलंय. चॅट नाही.

१५ जुलै

मोजायचं काय? 'डाउनलोड किती' हे कोणीही मोजतं.

यूसीएलए या अमेरिकी विद्यापीठाची एकटेपणाची मोजपट्टी १९७८ पासून आहे. मूळ मोजपट्टीत २० विधानं. २००४ साली तिची तीन प्रश्नांची छोटी आवृत्ती आली, फोनवरच्या सर्वेक्षणासाठी. सोबतीची उणीव किती वेळा जाणवते, बाजूला टाकल्यासारखं किती वेळा वाटतं, इतरांपासून तुटल्यासारखं किती वेळा वाटतं. उत्तरं तीनच: क्वचित, कधी कधी, बऱ्याचदा. बेरीज ३ ते ९ च्या दरम्यान. मला यातलं आवडलं ते हे की 'तुम्हाला एकटं वाटतं का' असं कुठेच विचारलेलं नाही. थेट विचारलं की माणूस आक्रसतो, पुरुष जरा जास्तच.

आता खाचखळगे. माणूस असं अ‍ॅप कधी उतरवून घेतो? अगदी असह्य झालं की. म्हणजे सुरुवातीचा आकडा वाईटच असणार, आणि सहा आठवड्यांनी तो काहीही न करता थोडा सुधारणार. ते श्रेय आपण लाटायचं नाही. दुसरं, जे मध्येच गळतात ते शेवटची प्रश्नावली भरत नाहीत, त्यामुळे उरलेल्यांचा आनंदी आकडाच समोर येतो.

पहिल्यावर उपाय सापडला. पहिल्या फेरीत जागा कमीच आहेत, प्रतीक्षायादी लागणारच. मग कोण आधी, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं आणि थांबलेल्यांनाही तेच तीन प्रश्न त्याच दिवशी विचारायचे. दोघांत फरक दिसला तर काहीतरी झालं. दुसऱ्यावर पुरता उपाय नाही. गळालेल्याला निदान एकच प्रश्न पाठवू, 'काय जमलं नाही?', आणि उत्तर आलं नाही तर तेही नोंदवू.

२४ जुलै

आज दिवसभर एकाच गोष्टीवर वाद, आणि वाद रास्त होता.

मासी, चेन, हॉक्ली आणि कॅचिओपो यांनी २०११ साली एकटेपणावरच्या उपायांचे अभ्यास एकत्र तपासले. उपायांचे चार प्रकार: बोलण्या-वागण्याचं कौशल्य शिकवणं, आधार देणं, लोकांना भेटायच्या संधी वाढवणं, आणि इतरांविषयी मनात बसलेले चुकीचे समज बदलणं. काटेकोर पद्धतीने केलेल्या अभ्यासांत सगळ्यात जास्त परिणाम चौथ्याचा दिसला. आमचं अ‍ॅप तिसऱ्या प्रकारातलं. म्हणजे नुसतं 'या, भेटा' म्हणून भागत नाही, हे कागदोपत्री सिद्ध झाल्यावर आम्ही तेच बांधायला बसलोय. सर्व्हरवाला म्हणाला, "मग बंद करूया का?" तो अर्धा गंमतीत होता.

कारण समजून घेतलं तर वाट दिसते. बराच काळ एकटं राहिलेलं माणूस इतरांच्या वागण्यात नकार शोधत राहतं. समोरचा घड्याळाकडे बघतो, आणि याला वाटतं, कंटाळला आपल्याला. बूथबी आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली दाखवलं की अनोळखी माणसांशी गप्पा झाल्यावर लोक साधारणपणे समोरच्याला आपण किती आवडलो ते कमी धरतात. म्हणजे हा फक्त एकट्या माणसांचा दोष नव्हे. त्यांच्यात तो जरा खोल रुजलेला असतो, एवढंच. पहिल्या भेटीनंतर प्रत्येक जण घरी जाऊन स्वतःच्या बोलण्याची उलटतपासणी घेणार आणि 'त्यांना मी नको असेन' या निष्कर्षावर येणार. दुसऱ्या भेटीला न येण्याचं हेच मोठं कारण ठरू शकतं.

मग भेट संपल्यावर अ‍ॅपने काय करावं? मोबाइलवाल्याची सूचना: प्रत्येकाला विचारा, 'कोणाला पुन्हा भेटायला आवडेल?', आणि दोन्हीकडून हो आलं तर दाखवा. ऐकायला छान, पण एखाद्याच्या वाट्याला एकही हो आला नाही तर? ज्या भीतीने तो वर्षभर घराबाहेर पडला नाही ती आपण त्याच्या पडद्यावर छापून देणार. माणसांना गुण देणं कायमचं रद्द. त्याऐवजी प्रश्न स्वतःपुरता: 'पुढच्या वेळी येणार?' आणि कंपूतल्या (आपापसात आम्ही गटाला कंपूच म्हणतो) जितक्यांनी हो म्हटलं तितकं सगळ्यांना कळवायचं, नावांशिवाय. 'पाच जण पुन्हा येताहेत.' त्या पाचांत आपल्याला टाळायला बघणारं कोणी नाही, एवढा निरोप त्यातून आपोआप पोहोचतो. नाही म्हणणाऱ्यांचा आकडा दाखवायचा नाही.

यात थोडी लबाडी आहे का? आहे. मी ती चालवून घेतली.

२ ऑगस्ट

कंपू किती जणांचा? रॉबिन डनबार यांच्या गटाने १९९५ साली निरीक्षण मांडलं होतं की आपापल्या मर्जीने जमलेल्या गप्पांत एका संभाषणात साधारण चारच माणसं टिकतात. पाचवं आलं की लवकरच दोन संभाषणं होतात. हे कुठल्याही लग्नघरात बघून घ्यावं.

म्हणजे चार जण हवेत. मग चौघांना बोलवावं? इथे गणित आडवं येतं. प्रत्येक जण यायची शक्यता ७० टक्के धरू (गृहीत आहे, मोजलेली नाही). चौघांना बोलावलं तर दोघं किंवा त्याहून कमी उगवण्याची शक्यता जवळपास ३५ टक्के. म्हणजे तीनातल्या एका भेटीत दोन अनोळखी माणसं एकमेकांसमोर, किंवा एकच जण बाकावर वाट बघत. सहा जणांना बोलावलं तर तीच शक्यता ७ टक्क्यांवर येते, आणि चार किंवा जास्त येण्याची ७४ टक्क्यांवर जाते. सगळे सहा आले तर तिघा-तिघांच्या दोन गप्पा होतील, बिघडलं काहीच नाही.

या हिशोबात एक खोट आहे: प्रत्येकाचं येणं स्वतंत्र धरलंय. पाऊस पडला की सगळेच गळतात. त्यामुळे मैदानातल्या प्रत्येक भेटीला छपराखालची दुसरी जागा आधीच ठरलेली असणं सक्तीचं. सहा हा आकडा पक्का केला, आणि अडीच तासांच्या चर्चेनंतर भेटीची लांबी दोन तास ठरली. चर्चेपेक्षा भेट छोटी.

११ ऑगस्ट

गट पाडायचा कोड लिहिताना प्रकल्पाचा कणा हाती आला, म्हणून सविस्तर.

गणितात एक प्रसिद्ध कोडं आहे, गोल्फवाल्यांचं. ३२ खेळाडू, दर आठवड्याला चार-चारांचे आठ गट, आणि कोणतेही दोघं एकापेक्षा जास्त वेळा एका गटात येता कामा नयेत; असे किती आठवडे खेळता येईल? उत्तर १०, आणि ते सापडायलाही बरीच वर्षं गेली. सर्व्हरवाल्याने आमचा कोड याच वळणाने लिहिला होता. दर आठवड्याला जास्तीत जास्त नवे चेहरे. चालतोही झकास. एकाही जोडीची पुनरावृत्ती नाही.

आणि आपल्याला हवं ते नेमकं याच्या उलट. जेफ्री हॉल यांचं २०१८ साली आलेलं काम बघा: नुसत्या ओळखीचं साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला साधारण ५० तास सहवास लागतो, मित्र म्हणावं असं व्हायला ९०, आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. दर आठवड्याला नवे पाच चेहरे दिले तर माणूस वर्षभर पहिलीच भेट जगत राहणार. तेच 'तुम्ही काय करता', तेच ओशाळवाणं हसू. भेटी भरपूर, गोतावळा शून्य. असं वर्ष काढलेला माणूस म्हणणार, मी सगळं करून बघितलं, माझ्यातच काहीतरी खोट आहे.

जुना पुरावाही याच बाजूचा. फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांनी एमआयटीच्या विद्यार्थी वसाहतीत मैत्र्या कशा जमतात ते पाहिलं आणि १९५० साली प्रसिद्ध केलं: कोणाचं दार कोणाच्या दाराशेजारी आहे, जिना आणि टपालपेट्या कुठे आहेत, यावर बरंच काही ठरत होतं. आवडीनिवडी जुळवायला तिथे कोणी बसलं नव्हतं. माणसं रोज एकमेकांना आडवी जात होती, बस. आपण आवडी जुळवणाऱ्या प्रश्नावल्यांवर जेवढा जीव टाकतो तेवढा जिन्यावर टाकत नाही.

पार्करन या एकत्र धावण्याच्या उपक्रमाचंही तसंच. २००४ साली लंडनच्या बुशी पार्कमध्ये १३ धावपटूंनी सुरू केलं. दर शनिवारी, तीच जागा, तीच वेळ. कोण येणार हे विचारावं लागत नाही, कारण गेल्या शनिवारी जे होते त्यांतले बरेच असतातच.

तर नवा नियम: तेच सहा जण, तीच जागा, तीच वेळ, सलग सहा आठवडे. बारा तास होतात. हॉल यांच्या ५० पासून आपण अजून लांब आहोत, हे भिंतीवर लिहून ठेवलंय. पण सहाव्या आठवड्यानंतर कंपू तसाच चालू ठेवता येईल, आणि ज्यांना बदल हवा त्यांना नव्या कंपूत टाकताना जुन्यातलं किमान एक माणूस सोबत द्यायचं. कोडमध्ये पूर्वी पुनरावृत्तीला दंड होता, आता बक्षीस आहे. एका चिन्हाचा फरक. वजाच्या जागी अधिक.

सर्व्हरवाल्याचा आक्षेप: कंपू नासका निघाला तर? सहा आठवडे कोणी कुढत बसायचं? बरोबर. 'मला दुसरा कंपू हवा' हे बटण कारण न विचारता, कधीही. कारण विचारलं की लोक बटण दाबत नाहीत, अ‍ॅप काढून टाकतात.

२० ऑगस्ट

ठिकाणाची गोपनीयता. थोडक्यात, पण महत्त्वाचं.

'तुमच्यापासून दोन किलोमीटरवर' असं ढोबळ अंतर दाखवणं सुरक्षित वाटतं, असत नाही. समोरच्याने स्वतःचं ठिकाण खोटं सांगत सांगत आकडा कुठे दोनाचा तीन होतो ते पाहिलं, असे तीन बिंदू शोधले, की वर्तुळं छेदतात आणि घर सापडतं. डेटिंगच्या अ‍ॅपांत हे घडून गेलंय. म्हणून ढोबळ करायचं ते अंतर नव्हे, मूळ ठिकाणच. जीओहॅश म्हणजे नकाशाच्या चौकटी पाडून प्रत्येकीला अक्षरी कोड देण्याची पद्धत; फोनवरच ठिकाण तिच्या सहा अक्षरी चौकटीत बसवायचं (विषुववृत्ताजवळ साधारण १.२ किलोमीटर गुणिले ०.६) आणि सर्व्हरला फक्त चौकट कळवायची. आपल्याकडे नसलेलं ठिकाण आपल्याकडून फुटू शकत नाही.

चौकटीची एक अडचण: रस्त्याच्या दोन बाजूंना राहणाऱ्यांचा कोड वेगळा निघू शकतो. शोधताना शेजारच्या आठ चौकटीही घ्यायच्या. एवढं झालं. आणि मुळात कोणाचं अंतर कोणाला दाखवायचंच नाही. दिसेल ते फक्त भेटीच्या जागेपासूनचं, आणि ज्याचं त्यालाच.

२३ ऑगस्ट, शनिवार

पहिले कंपू आज भेटले. एका बागेत आम्ही दोघं लांबून बघत होतो (कंपूला सांगून). 

अ‍ॅपमध्ये जागा लिहिली होती: 'बागेच्या मुख्य दरवाज्याजवळ'. नियोजित वेळेला दरवाज्यापाशी एक बाई उभी. फोन हातात. तिच्यापासून दहा पावलांवर झाडाखाली एक तरुण, त्याच्याही हातात फोन. दोघांच्या पडद्यावर आमचंच अ‍ॅप उघडं. दोघंही मान वर करत, इकडे-तिकडे बघत, नजर जुळली की खाली घालत. तिथून जाणारे सगळेच फोन हातात घेतलेले, त्यामुळे कोण आपलं ते कळायला मार्ग नाही. आणि 'तुम्ही त्या अ‍ॅपवरून आलात का?' हे परक्याला विचारणं म्हणजे भर रस्त्यात 'मला मित्र नाहीत' असं जाहीर करणं. बराच वेळ हे चाललं. शेवटी तिसरे एक वयस्क गृहस्थ आले आणि त्यांनी सरळ मोठ्याने विचारलं, "अहो, इथे कोणी ग्रुपसाठी आलंय का?" दोघं एकदम पुढे झाले. हसले. तिघं जमल्यावर बाकीचे दोघं कुठूनसे प्रकट झाले. ते आधीच आले होते आणि बाकावर बसून अंदाज घेत होते.

सहावा कोणी आलाच नाही असं आम्ही धरलं होतं. संध्याकाळी त्याचा निरोप आला: तो आला होता, लांबून पाचही जण हसताना पाहिले, ते एकमेकांना आधीपासून ओळखतात असं वाटलं, आणि परत गेला.

हा निरोप मी बरेचदा वाचला. दीड महिन्याचं नियोजन, आणि सगळं अडतं ते पन्नास पावलांत. प्रवासाला निघेपर्यंत आपण माणसाला सोबत करतो आणि सगळ्यात अवघड जागी हात सोडतो.

लगेच ठरलेले बदल: जागेचा फोटो, आणि फोटोत नेमका बाक कुठला ते. अर्धा तास आधी एकच प्रश्न, 'आज कुठल्या रंगाचे कपडे?', आणि तो रंग नावासोबत सगळ्यांना. 'मी पोहोचलो' हे बटण, जे दाबल्यावर इतरांचे फोन थरथरतील. प्रत्येक भेटीला एक यजमान: बोलका माणूस नको, वेळेवर येणारा हवा. त्याचं काम एकच, उशिरा आलेल्याकडे चार पावलं चालत जायचं आणि नावाने हाक मारायची. ते गृहस्थ पुढच्या वेळी यजमान व्हायला तयार आहेत. परत गेलेल्याला त्यांनी, आम्ही न सांगता, यजमान म्हणून पहिला निरोप पाठवला: "पुढच्या शनिवारी मी दरवाज्यातच थांबतो."

दुसऱ्या ठिकाणी वाचनालयाच्या खोलीत हजार तुकड्यांचं जिगसॉ कोडं ठेवलं होतं. तिथे असा अवघडलेपणा जवळपास नव्हताच. हात कामात, नजर टेबलावर, बोलणं मधूनच आणि न बोलण्याचं ओझं नाही. ऑस्ट्रेलियात सुरू झालेल्या 'मेन्स शेड' (पुरुषांनी एकत्र येऊन हातकाम करण्याच्या) चळवळीचं म्हणणंच हे आहे की पुरुष समोरासमोर बसून बोलत नाहीत, खांद्याला खांदा लावून बोलतात. मला वाटतं पुरुषच कशाला, अनोळखी माणसं सगळीच. यापुढे नुसती 'गप्पांसाठी भेट' नाही. पहिल्या दोन आठवड्यांना हाताला काहीतरी काम हवंच.

१ सप्टेंबर

आठवणीच्या सूचना. अँड्रॉइड १३ पासून सूचनेसाठी परवानगी विचारावी लागते, आणि ती पहिल्याच पडद्यावर मागितली की लोक नाही म्हणतात. कंपू मिळाल्यावर मागितली तर कशासाठी ते त्यांना कळतं. अँड्रॉइड १४ वर नेमक्या वेळेचा गजर मुळातच बंद असतो, म्हणून वेळापत्रक फोनवर न ठेवता सर्व्हरवरून पाठवतोय. काही फोन बॅटरी वाचवायला अ‍ॅपला झोपवतात, त्याला आदल्या संध्याकाळचा साधा एसएमएस हाच इलाज.

आठवण करून देणाऱ्या सूचना दोनच: आदल्या संध्याकाळी आणि दोन तास आधी. 'तुमची सलग हजेरी तुटतेय' छापाचं काहीही नाही. कोणी सुचवलं तर त्याला या नोंदीचा दुवा पाठवावा.

९ सप्टेंबर

न सांगता न येणारे. मार्गदर्शक म्हणून मदत करणाऱ्या एका गृहस्थांचा सल्ला: अनामत घ्या, आला नाही तर बुडवा. इतर कार्यक्रमांत हे चालतं. इथे मला पटत नाही. दाराशी येऊन परत फिरलेल्या माणसाला दंड लावला तर तो पुन्हा दाराशीही येणार नाही. आणि तोच तर आपला माणूस.

उलट दिशेने गेलो. 'आज नाही जमत' हे बटण मोठं केलं, अगदी शेवटच्या क्षणापर्यंत चालू ठेवलं, आणि दाबल्यावर 'अरेरे' नाही, फक्त: 'ठीक. तुमची जागा पुढच्या आठवड्याला राखून आहे.' कंपूला इतकंच कळतं की आज ते येत नाहीत. लपून गैरहजर राहण्यापेक्षा सांगून राहणं सोपं झालं की पुढच्या वेळी यायची लाज उरत नाही. सलग दोनदा झालं तर यजमान एक निरोप पाठवतो. तो निरोप अ‍ॅप लिहून देत नाही, त्यालाच लिहावा लागतो. यांत्रिक आपुलकी लोक लगेच ओळखतात.

१७ सप्टेंबर

सुरक्षितता. सार्वजनिक जागा, उजेडाची वेळ, फक्त स्त्रियांचे कंपू हवे असतील तर तेही, या गोष्टी पहिल्या दिवसापासून होत्या. आज अवघड भाग.

'अ'ने 'ब'ला ब्लॉक केलं आणि दोघं एकाच कंपूत आहेत. हलवायचं कोणाला? 'अ'ला हलवलं तर ज्याला त्रास झाला त्याचाच गोतावळा तुटतो. 'ब'ला हलवलं तर कोणी ब्लॉक केलं हे त्याला ओळखता येईल. ठरलं असं: 'अ'ला विचारायचं, 'तुम्हाला इथेच राहायचंय का?' हो म्हटलं तर 'ब'ला पुढच्या फेरबदलात, आणखी एका-दोघांच्या बदलीसोबत हलवायचं, म्हणजे बोट कोणावर रोखता येणार नाही. तक्रार गंभीर असेल तर फेरबदलाची वाट नाही, लगेच बाहेर. तक्रारी माणूसच वाचणार. सध्या आम्ही आळीपाळीने.

अपेक्षेपेक्षा वेगळा उपद्रव निघाला विक्रेत्यांचा. एकाकी माणसांचा, ऐकून घेणाऱ्या लोकांचा, दर आठवड्याला भेटणारा गट: साखळी पद्धतीने माल विकणाऱ्याला आणखी काय हवं? एकाने दोन आठवडे गोड बोलून तिसऱ्यांदा माहितीपत्रकं काढली. तक्रारीच्या यादीत 'काहीतरी विकत होते' हा पर्याय आज सगळ्यात वर टाकला. त्याला दुसरी संधी नाही.

आणि एक. अ‍ॅपमधल्या मोकळ्या रकान्यात कोणी जगण्याला कंटाळल्याचं लिहिलं तर? अ‍ॅपने उत्तर द्यायचं नाही. त्या देशातल्या मदतवाहिनीचा क्रमांक लगेच दाखवायचा आणि आमच्यापैकी एकाचा फोन वाजला पाहिजे, रात्रीही. त्यासाठी आळीपाळी लावली.

२९ सप्टेंबर

शनिवारी सहा आठवडे पूर्ण झाले. माणसं इतकी कमी आहेत की टक्केवारी काढणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक. तीन प्रश्नांच्या बेरजा फाइलमध्ये आहेत, प्रतीक्षायादीच्याही, आणि दुसऱ्या फेरीशिवाय त्यावर बोलणार नाही.

पण एक घडलं. बागेतल्या कंपूने अ‍ॅपवर काहीच न कळवता आपला वेगळा मेसेजिंग ग्रुप केला आणि पुढच्या भेटीची जागा स्वतः ठरवली. दारातून परत गेलेलाही त्यात आहे. आमच्या डॅशबोर्डवर हे कसं दिसलं? सहा सक्रिय वापरकर्ते एकदम गळाले. तांबडा बाण, खाली.

मार्गदर्शक म्हणाले, त्यांना अ‍ॅपच्या आतच चॅट द्या, मग जाणार नाहीत. धंद्याच्या दृष्टीने ते चूक नाहीत. वापर घटणारं अ‍ॅप कोण पोसेल? पण वापरकर्त्याला एकटं ठेवण्यात ज्याचा फायदा आहे असं अ‍ॅप एकटेपणावर कसं चालेल, हा प्रश्न मला कोणी सोडवून दिलेला नाही. डॅशबोर्ड बदलला. सगळ्यात वरचा आकडा आता हा: आमच्याशिवाय भेटत असलेले कंपू. तो मिळवायला महिन्याने एकच प्रश्न, 'अजून भेटता का?' उत्तर दिलं नाही तर दुसऱ्यांदा विचारायचं नाही. त्यामुळे आकडा नेहमी खऱ्यापेक्षा कमी येणार, चालेल.

पैशाचं काय, यावर डिझायनरने सुचवलं की वाचनालयं, वसाहतींची मंडळं, मोठ्या कंपन्या यांच्याकडून कंपूमागे एकदाच शुल्क घ्यावं. महिन्याच्या वर्गणीपेक्षा हे बरं, कारण मग कंपू लवकर पायावर उभा राहण्यात आपलंही भलं. आकडेमोड अजून व्हायची आहे.

६ ऑक्टोबर

दुसऱ्या फेरीची तयारी. 'आमचं आम्ही बघतो' हे बटण आज जोडलं. दाबलं की सूचना बंद, ठिकाणाची चौकट पुसली जाते, खातं झोपतं. पुन्हा कधी लागलं तर जुना कंपू आहे तसा उठतो. खात्री म्हणून दोनदा विचारणारी खिडकी डिझायनरने काढून टाकली. लोकांना जाताना अडवायचं नाही, आणि परत येता येतंच.

उरलेली कामं: मोठ्या अक्षरांवर रंगाचा प्रश्न पडद्याबाहेर जातो, ते दुरुस्त करणं. यजमानांसाठी एक पानी सूचना, त्यातही पहिली ओळ 'चालत जा, हाक मारा'. छपराखालच्या जागा दोन ठिकाणी अजून ठरायच्या आहेत. प्रतीक्षायादीतल्या सगळ्यांना आज रात्री कंपू मिळाल्याचं कळेल. पहिली भेट ११ ला, शनिवारी.